डभोई जंक्शन : अडीच फुटी रुळांनी घडवलेले स्थानक

1862 साली गुजरातेत, बडोद्याजवळच्या डभोई आणि मियागाम यांच्यामध्ये, एकमेकांपासून अवघ्या अडीच फुटांवर टाकलेल्या रुळांवर डबे धावू लागले, आणि ते ओढायला बैल होते. रेल्वेच्या इतिहासात डभोईची नोंद बहुतेक वेळा एवढीच होते. हिंदुस्थानातला पहिला नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांचा मार्ग, कोणत्याही संस्थानाच्या मालकीची पहिली रेल्वे, आणि बैलांनी ओढलेली गाडी. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात शोभेल अशी माहिती. वाचणारा "अरे वा" म्हणतो आणि पुढे जातो.

मला या स्थानकाचा अभ्यास वेगळ्या कारणासाठी करावासा वाटतो. तटबंदीच्या आतले, कापसाच्या व्यापारावर जगणारे एक गाव पाच दिशांना रूळ फुटणारे जंक्शन कसे झाले? ज्या अरुंद रुळांनी त्याला मोठे केले, तेच पुढे त्याच्या पायातली बेडी कसे ठरले? आणि ते रूळ उखडून रुंद रूळ टाकल्यावर गावाच्या पदरात काय पडले? या तिन्ही प्रश्नांचा उलगडा मला एकाच ठिकाणी होतो: माल आणि माणूस गाडीतून कुठे उतरतो आणि पुन्हा कुठे चढतो. डभोईचे दैव प्रत्येक वेळी या चढउताराने ठरवले आहे. राजा कोण होता, इंजिन कोणते होते, हे त्याच्यापुढे दुय्यम.

कापूस, चिखल आणि खंडेराव महाराज

बडोद्यापासून आग्नेयेला डभोई. जुने नाव दर्भावती. सोळंकी आणि वाघेला राजांच्या काळातला कोट, चार दिशांचे चार दरवाजे, त्यातला हिरा भागोळ कोरीवकामासाठी प्रसिद्ध. मराठी माणसाला हे नाव दुसऱ्या संदर्भात आठवावे. 1 एप्रिल 1731 रोजी थोरल्या बाजीरावांनी सेनापती त्रिंबकराव दाभाड्यांचा पराभव केला, ती लढाई डभोईची. रणांगण भिलापूरचे, ढाढर नदीच्या काठी. त्रिंबकराव पडले आणि पुढे दाभाड्यांचे सरदार असलेल्या गायकवाडांचा गुजरातेत जम बसत गेला. ज्या पट्ट्यावर पुढे दीडशे वर्षांनी बडोदे–डभोई रूळ पडले, तोच हा पट्टा.

डभोई ते करजण हा भाग कानम म्हणून ओळखला जातो. काळी जमीन, कापसाला उत्तम. पण काळ्या जमिनीचा जो गुण शेताला, तोच अवगुण वाटेला. पावसाळ्यात बैलगाडीचे चाक तुंब्यापर्यंत रुतते आणि पाऊस सरला तरी चाकोऱ्या वाळायला वेळ लागतो. कापूस गावात तयार, गिऱ्हाईक मुंबईत, आणि मधे चिखल.

त्यातच 1861 च्या जानेवारीत बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे लोकांच्या तोंडची बीबीसीआय, दक्षिणेकडून बडोद्यापर्यंत येऊन पोचली. वाटेत मियागाम लागत होते. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडच्या संस्थानांची बंदरे अडवली गेली, आणि इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव कडाडले. डभोईच्या आडत्यासमोरचे गणित सरळ होते: गासडी मियागामच्या फलाटापर्यंत जितकी लवकर आणि जितकी कोरडी पोचेल, तितका पैसा.

गादीवर खंडेराव गायकवाड होते. त्यांच्याबद्दल बडोद्यात जे सांगितले जाते ते बहुतेक वैभवाचे: मोत्यांचा गालिचा, हिरे, कुस्त्या, हत्ती. तो मोत्यांचा गालिचा याच दशकातला. पण ज्यांनी लाखो मोती एका गालिच्यात ओवून घेतले, त्यांनीच आपल्या मुलखातली पहिली रेल्वे अत्यंत काटकसरीने बांधली, हे मला त्यांच्याविषयीचे फार महत्त्वाचे सत्य वाटते. बीबीसीआयची रुंदी होती साडेपाच फूट. डभोईसाठी निवडली अडीच फूट. निम्म्याहून कमी.

या निर्णयाचे वेगळेपण नीट लक्षात घ्यायला हवे. हिंदुस्थान सरकारने स्वस्त रेल्वेसाठी मीटरगेज, म्हणजे एक मीटर रुंदीचे रूळ, स्वीकारले ते 1870 मध्ये, बऱ्याच वादानंतर. डभोईचा प्रयोग त्याच्या आठ वर्षे आधीचा. बार्शी लाइट रेल्वे, जिच्या अडीच फुटी रुळांचा गौरव आपण महाराष्ट्रात करतो, ती 1897 ची. वऱ्हाडातली मूर्तिजापूर–यवतमाळ "शकुंतला" त्याच्याही नंतरची, तीही अडीच फुटी, तीही कापसासाठी. एका संस्थानाने स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या गरजेपुरती रेल्वे बांधायची, हा विचारच तेव्हा नवा होता.

बैलच का?

बैलांकडे मागासलेपणाची खूण म्हणून पाहिले जाते. तसे पाहणे मला मान्य नाही.

या मार्गाचे पहिले रूळ दर वाराला 13 पौंड वजनाचे होते. म्हणजे मीटरला साडेसहा किलोच्या आसपास. आज मुख्य मार्गांवर मीटरला 60 किलोचा रूळ वापरतात. 13 पौंडांचा रूळ एक माणूस खांद्यावर टाकून चालू लागेल इतका हलका. तो स्वस्त पडतो, गाड्यांवर घालून कुठेही नेता येतो, चार गडी सहज बसवतात. पण त्याच्यावर इंजिन घालायचे म्हटले की अडचण उभी राहते. इंजिनाला ओढण्याचे बळ येते ते त्याच्या वजनातून. चाक रुळाला घट्ट धरून राहावे, घसरू नये, म्हणून इंजिन जड असावेच लागते. आणि ते सगळे वजन मोजक्या चाकांखाली एकवटते. हलका रूळ तिथे वाकतो.

बैलाचे तसे नाही. बैलाचे वजन रुळावर पडतच नाही, जमिनीवर पडते. त्याचे खूर मातीत रोवले जातात आणि जोर तिथून येतो. रुळावर येते ते फक्त भरलेल्या डब्याचे वजन, तेही चार चाकांत वाटलेले. शिवाय लोखंडी चाक लोखंडी रुळावर चालते तेव्हा विरोध इतका कमी असतो की जी बैलजोडी चिखलाच्या वाटेवर एक गाडी रेटताना फेसाळते, तीच रुळावर कितीतरी जास्त माल ओढते. म्हणजे रूळ हलका, डबा हलका, ओढणारा बैल: ही तिन्ही अंगे एकमेकांना पुरी जुळणारी होती. बैल तर गावोगाव होतेच, त्यांना कोळसा लागत नव्हता आणि त्यांची देखभाल करणारा कारागीर विलायतेहून आणावा लागत नव्हता.

1863 मध्ये ग्लासगोच्या नीलसन कंपनीची इंजिने या मार्गासाठी आली. रुळांना ती पेलण्यासारखी नव्हती. त्यामुळे बैल राहिले. पुढे अधिक वजनी रूळ टाकून 1873 मध्ये मार्ग नव्याने तयार झाला आणि इंजिनांच्या नियमित वापराची वाट मोकळी झाली. मधल्या दहा वर्षांत अमेरिकेतले युद्ध संपले होते, 1865 मध्ये मुंबईचा कापूसबाजार कोसळला होता, खंडेराव जाऊन मल्हारराव आले होते. ज्या तेजीसाठी रूळ पडले ती तेजी विरली, पण रूळ राहिले. बैलांच्या गाडीला "फसलेला प्रयोग" म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की तेजी उतरल्यावरही संस्थानाला तो मार्ग मोडावासा वाटला नाही, उलट तो मजबूत करावासा वाटला.

एका फाट्याचे जंक्शन होते

1873 पर्यंत डभोई हे शेवटचे स्थानक होते. त्याचे जंक्शन झाले ते पुढच्या आठ वर्षांत, आणि त्याचे श्रेय दिवाण सर टी. माधवराव यांच्या कारभाराला द्यायला हवे. मल्हाररावांना पदच्युत केल्यानंतर 1875 मध्ये कवळाण्याचे गोपाळराव दत्तक येऊन सयाजीराव झाले. ते अल्पवयीन होते. पूर्ण अधिकार त्यांच्या हाती आले 1881 च्या अखेरीस. या मधल्या काळात माधवरावांनी राज्याची घडी बसवली आणि डभोईभोवतीचे जाळे विणले. 1879 मध्ये डभोई–चांदोद, त्याच वर्षी डभोई–बहादरपूर, 1880 मध्ये बडोद्याच्या गोयागेटपर्यंत, आणि 1881 मध्ये तिथून विश्वामित्रीपर्यंत.

या क्रमातच धोरण आहे. आधी नर्मदेचे तीर्थ आणि पूर्वेचा मुलूख जोडला, राजधानी नंतर. डभोईला मध्यभागी ठेवून चहूकडून माल आणि माणूस तिथे ओढायचा, आणि मग तो मियागामला किंवा विश्वामित्रीला बीबीसीआयच्या हवाली करायचा. गायकवाडांचा मुलूख सलग नव्हता. मधे मधे इतर संस्थाने, मधे मधे ब्रिटिश हद्द. अशा ठिगळठिगळांच्या राज्यात आपल्या मालकीचे जाळे विणायचे तर एक गाठ पक्की हवी होती. ती गाठ डभोई झाली.

पुढे 1890 मध्ये बहादरपूरचा फाटा बोडेलीपर्यंत गेला आणि नंतर छोटा उदेपूरपर्यंत. हे वेगळे संस्थान, डोंगराळ आणि आदिवासी मुलूख. तिकडून लाकूड, बांबू, मोहाची फुले आणि काळाच्या ओघात डोलोमाइटसारखी खनिजे. वाटेत संखेडा, लाखेच्या रंगाच्या लाकडी फर्निचरसाठी प्रसिद्ध. आमच्या बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत संखेड्याचा झोपाळा नाही असे घर विरळा. उत्तरेकडे वाघोडियावरून समलाया, आणि तिथून टिंब्याकडे, असा आणखी एक हात निघाला. पाच दिशा पुऱ्या झाल्या.

आता या जंक्शनात प्रत्यक्ष काय चालत असे ते पाहू, कारण प्रकरणाचे मर्म तिथे आहे. एकेरी मार्ग, छोट्या गाड्या, मर्यादित डबे. चारी बाजूंच्या गाड्या थोड्या थोड्या अंतराने डभोईत येऊन उभ्या राहायच्या. बोडेलीकडून आलेल्याला चांदोदला जायचे, चांदोदकडून आलेल्याला बडोद्याला, समलायाकडून आलेल्याला मियागामला. सगळे इथे उतरणार, फलाट बदलणार, वाट बघणार. सांधेवाला सांधे बदलतो आहे, खलाशी इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडतो आहे, पाणी भरणे चालू आहे. गाडी लेट झाली की चारही दिशांचे वेळापत्रक डभोईत अडकायचे. स्थानकाबाहेरची चहाची दुकाने, टांगे, भजी, हमाल, धर्मशाळा, हे सगळे या अडकण्यावर जगत होते.

मालाचे चित्र याहून कष्टाचे. डभोईपर्यंत माल एका डब्यातून आला तरी मियागामला त्याला उतरावेच लागे. एका बाजूला अडीच फुटी रुळावर छोटी वाघीण, म्हणजे मालाचा डबा, शेजारी साडेपाच फुटी रुळावर मोठी वाघीण, आणि मधे पाठ वाकवलेले हमाल. प्रत्येक गासडी, प्रत्येक पोते, प्रत्येक ओंडका माणसाच्या अंगावरून इकडून तिकडे जायचा. मोजणी दोनदा, पावती दोनदा, गळती आणि चोरी दोनदा, पावसाची भीती दोनदा. बैलगाडीच्या काळात ही चढउतार अंगावर येत नव्हती, कारण तेव्हा बैलगाडीतूनही माल उतरवावा लागेच. नॅरोगेजने चिखलावर मात केली आणि चढउतार तशीच ठेवली. कापसाची गासडी दूर मुंबईला जायची तेव्हा एकदाची चढउतार परवडत होती. पण डांबरी रस्ते झाल्यावर, शेताच्या बांधापासून गिरणीच्या दारापर्यंत जाणारा ट्रक समोर उभा राहिला, तेव्हा ती परवडेनाशी झाली. छोट्या रुळांना त्यांच्या मंद गतीने मारले असे म्हणतात. माझ्या मते त्यांना मियागाम आणि विश्वामित्रीच्या चढउताराने मारले. गती फक्त निमित्त.

बराच काळ संस्थानाची रेल्वे चालवायला बीबीसीआयकडे होती. 1921 मध्ये सयाजीरावांच्या सरकारने कारभार स्वतःकडे घेतला. त्याआधी 1919 मध्ये गोयागेटला, म्हणजे आजच्या प्रतापनगरला, कारखान्याची पायाभरणी झाली होती. आपली इंजिने आपण दुरुस्त करू, आपले वेळापत्रक आपण ठरवू, ही त्यामागची धमक. प्रतापनगरच्या कारखान्यात उभे आयुष्य काढलेले एक काका दांडिया बाजारात आमच्या ओळखीचे. त्यांना एकदा विचारले, छोटी इंजिने म्हणजे काम सोपे असेल ना? ते म्हणाले, "इंजिन लहान म्हणून काम लहान नसतं, बाळ. नळ्या तेवढ्याच, नट तेवढेच, फक्त हात घालायला जागा निम्मी. बोटं सोलवटून निघायची." त्यांच्या उजव्या हाताची नखे अजून काळपट आहेत. तेलाचा तो रंग निवृत्तीनंतरही गेला नाही.

चांदोदची गाडी

कापसाने डभोईचे रूळ टाकले, पण ते शेवटपर्यंत जिवंत ठेवले ते यात्रेकरूंनी. डभोईहून चांदोद जेमतेम 18 किलोमीटर. नर्मदा आणि ओरसंग यांचा संगम, पलीकडे कर्नाळीचा कुबेरभंडारी. बडोद्यातल्या मराठी कुटुंबांसाठी चांदोद म्हणजे अस्थिविसर्जन, श्राद्ध, पर्वणीचे स्नान. त्याच्या पुढे नर्मदेच्या काठानेच गरुडेश्वर. श्रीवासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामी, यांनी 1914 मध्ये तिथे देह ठेवला, आणि तेव्हापासून दत्तभक्त मराठी माणसाची ती वाट कायमची झाली. चांदोदपर्यंत छोटी गाडी, पुढे नाव किंवा मिळेल ते वाहन.

माझ्या आजीने ही वाट अनेकदा केली. डब्यात दोन्ही बाजूंना लांबलचक बाकडी, समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागायचे. मधे टोपल्या, वळकट्या, कोंबड्या, दुधाचे कॅन. ती सांगायची की त्या डब्यात अनोळखी कोणी राहतच नसे. पाटीदार बाई, आदिवासी म्हातारा, कासोटा घातलेल्या आमच्याकडच्या बायका, सगळ्यांचे गुडघे एका रांगेत. "जरा सरका हो" हे वाक्य डभोईपर्यंत तीन भाषांत ऐकू यायचे. गर्दीच्या दिवशी पुरुष टपावर चढायचे. सोयीच्या दृष्टीने ते हलाखीचेच होते, आणि टपावरचा प्रवास जिवावरचा. म्हणून त्या गाडीच्या आठवणी काढताना कोणी तिला गोंडस करू नये असे मला वाटते. ज्या आदिवासी बाईला बोडेलीहून बडोद्याच्या सरकारी दवाखान्यात जायचे होते, तिच्यासाठी ते चार-पाच तास गोंडस नव्हते.

रुंद रूळ येतात

1949 मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, गायकवाडांची रेल्वे बीबीसीआयमध्ये गेली, आणि 1951 मध्ये दोन्ही पश्चिम रेल्वेत. वाफेची इंजिने गेली, झेडडीएम-5 डिझेल आली. या चाळीस वर्षांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. जाळे होते तसे राहिले, त्यात पैसा घातला गेला नाही, माल रस्त्याने गेला, आणि उरले ते स्वस्त तिकिटाचे प्रवासी. 1992 मध्ये देशभर एकच रुंदी ठेवण्याचे धोरण आले, तेव्हा डभोईचे छोटे रूळ जाणार हे ठरल्यासारखेच होते. प्रश्न फक्त केव्हा, एवढाच.

या शतकात प्रतापनगर–डभोई–छोटा उदेपूर हा मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे साडेपाच फुटी झाला आणि 2019 मध्ये तो पुढे मध्य प्रदेशात अलीराजपूरपर्यंत पोचला. तिथून तो धारकडे जायचा आहे. धार म्हणजे पवारांचे संस्थान. गायकवाड आणि पवार या दोन मराठी राजघराण्यांच्या राजधान्या लोहमार्गाने थेट जोडल्या जाणे, ही गोष्ट संस्थानी काळात झाली नाही ती आता होते आहे.

पण डभोईला खरा धक्का दिला तो चांदोदच्या फाट्याने. 31 ऑक्टोबर 2018 रोजी केवडियाला 182 मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा उभा राहिला. त्याच्यासाठी डभोई–चांदोदचे छोटे रूळ रुंद केले गेले, चांदोदच्या पुढे केवडियापर्यंत नवा मार्ग टाकला, प्रतापनगरपासून विद्युतीकरण केले, आणि डभोई, चांदोद, केवडिया या तिन्ही ठिकाणी नव्या इमारती उभ्या राहिल्या. 17 जानेवारी 2021 रोजी पंतप्रधानांनी एकाच वेळी आठ गाड्यांना हिरवा कंदील दाखवला. वाराणसी, रीवा, चेन्नई, निजामुद्दीन, अहमदाबाद, आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाची दादर. 1879 पासून चांदोदला संपणारा एक साधा फाटा देशाच्या नकाशावर आला. केवडियाचे स्थानक आता एकतानगर म्हणून ओळखले जाते.

चढउतार गेली. दादरला बसलेला माणूस डभोईत पाय न ठेवता नर्मदेकाठी पोचतो. याच्याविरुद्ध बोलण्यासारखे काही नाही. छोटा उदेपूरच्या विद्यार्थ्याला बडोद्याला यायला आज जो वेळ लागतो तो त्याच्या आजोबांना खरा वाटला नसता. ज्यांना नॅरोगेज हवीहवीशी वाटते, त्यात मी आहे, त्यांनी हा हिशेब आधी मांडायला हवा.

मात्र त्याच हिशेबाची दुसरी बाजू डभोईच्या बाजारात दिसते. ज्या वाट पाहण्यावर स्थानकाबाहेरचा गल्ला चालायचा, ती वाट पाहणे संपले. लांब पल्ल्याची गाडी थांबते आणि जाते. तिच्यातल्या प्रवाशाला दर्भावतीचा कोट, हिरा भागोळ, किंवा गुजरातीचे कवी दयाराम या गावात राहिले, यातले काहीही कळत नाही. ज्यासाठी माणसे इथे थांबत, ते कारणच निघून गेले, आणि त्याच्या जागी थांबण्याचे नवे कारण कोणी दिलेले नाही.

काय ठेवायला हवे होते

गुजरातेतल्या पाच छोट्या मार्गांना वारसा म्हणून राखायचे अशी रेल्वेची यादी झाली होती. डभोई–मियागाम 33 किलोमीटर, मियागाम–मालसर 38, चोरंदा–मोटी कोरल 19, प्रतापनगर–जंबुसर 51 आणि बिलीमोरा–वघई 63. मिळून 204 किलोमीटर. 1862 चा मार्ग या यादीत होता हे योग्यच झाले. पण यादीत नाव असणे आणि रुळावर गाडी चालणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. या पाचांत बिलीमोरा–वघई 2021 मध्ये पुन्हा सुरू झाली, डांगच्या जंगलातून जाणारी, पर्यटक येतील अशी. सपाट कापसाच्या शेतांतून जाणाऱ्या मार्गाकडे पर्यटकाला बोलावणे अवघड, हे उघड आहे.

म्हणून माझी मागणी लहान आणि नेमकी आहे. प्रतापनगरच्या रेल्वे उद्यानात उभी केलेली इंजिने पाहायला मुले जातात, ते चांगलेच. पण डभोईत, जिथे हे सगळे सुरू झाले तिथे, अडीच फुटी रुळांचा एक तुकडा जमिनीवर राहायला हवा. स्थानकाच्या आवारात, उघड्यावर, हात लावता येईल असा. त्याच्या शेजारी साडेपाच फुटी रूळ. वाराला 13 पौंडांचा तुकडा आणि मीटरला 60 किलोचा तुकडा शेजारी शेजारी, शाळेतल्या मुलाला दोन्ही उचलून बघता येतील असे, म्हणजे दुसरा उचलणार नाही हे त्याला स्वतःला कळेल. बैल का होते हे त्याला दुसऱ्या कोणी समजवावे लागणार नाही. आणि फलक गुजरातीत, हिंदीत आणि मराठीतही. ज्या दरबाराने हा मार्ग बांधला, त्याचा कारभार मोडी लिपीत आणि मराठीत चाले, हे डभोईकरांनाही माहीत असावे आणि आपल्यालाही.

दुसरी मागणी वेळापत्रकाची, आणि ती मला पहिलीहून जास्त महत्त्वाची वाटते. डभोई आजही जंक्शन आहे. प्रतापनगर, छोटा उदेपूर आणि एकतानगर या मार्गांचा मेळ तिथेच आहे. पण जंक्शन हे रूळ मिळण्याने होत नाही, गाड्या मिळण्याने होते. बोडेलीच्या माणसाला चांदोदला श्राद्धासाठी जायचे असेल, किंवा अलीराजपूरच्या मजुराला एकतानगरला कामासाठी, तर त्याची गाडी डभोईत पोचल्यावर दुसरी अर्ध्या तासात सुटायला हवी. छोट्या रुळांच्या काळात, वाफेच्या इंजिनांवर आणि एकेरी मार्गावर, ते जमवले जात होते. आता वीज आहे, रुंद रूळ आहेत, नवी इमारत आहे. पुढच्या वेळापत्रकात सकाळची छोटा उदेपूरकडची मेमू, म्हणजे विजेवरची छोट्या पल्ल्याची गाडी, आणि एकतानगरकडची मेमू यांची डभोईत गाठ घालून द्यावी, इथून सुरुवात करता येईल.